बारा महिन्यांचा खेळ, चार टक्क्यांचा मोबदला

ऑगस्टच्या कडक उन्हात निशिनोमिया येथील कोशिएन मैदानावर जपानमधील उच्च माध्यमिक शाळांची बेसबॉल स्पर्धा भरते, तेव्हा त्या देशाचे लक्ष तिच्याकडे लागलेले असते. ओसाका येथील ‘असाही’ वृत्तपत्राने १९१५ साली सुरू केलेली ही स्पर्धा १९२४ पासून कोशिएनवर होते. हरलेल्या संघातील मुले डोळे पुसत मैदानावरील काळी माती पिशव्यांत भरून घरी नेतात, आणि ते दृश्य सारा देश सद्गदित होऊन पाहतो. मुलांसारखाच गणवेश घालून बाजूला उभा असलेला प्रौढ मनुष्य मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात राहतो. पुष्कळदा तो त्याच शाळेतील शिक्षक असतो. गणित किंवा इतिहास शिकविणे ही त्याची नोकरी. बेसबॉल हे त्याचे व्रत म्हणावे की वेठबिगार, हाच वादाचा मुद्दा आहे.

खेळ म्हटला की त्याला हंगाम असणार, अशी आपली समजूत असते. या खेळाच्या बाबतीत ती खरी नाही. जुलैमध्ये प्रांतोप्रांती निवडस्पर्धा होतात आणि तीन हजारांहून अधिक संघांतून ४९ संघ कोशिएनला पोहोचतात. एक सामना हरला की संघ बाद, असा नियम असल्याने जवळजवळ निम्म्या संघांची वर्षभराची तपश्चर्या पहिल्याच सामन्यात संपते. तिसऱ्या वर्षाची मुले त्या दिवशी खेळातून निवृत्त होऊन प्रवेशपरीक्षांच्या मागे लागतात. त्यांच्या गुरुजींना मात्र निवृत्ती नाही. धाकट्या मुलांचा नवा संघ त्यांना लगोलग उभा करावा लागतो. कारण शरद ऋतूतील स्पर्धा तोंडावर आलेल्या असतात आणि मार्चमधील वसंत स्पर्धेचे निमंत्रण मुख्यतः त्यांच्या निकालांवर ठरते. डिसेंबरपासून मार्चच्या आरंभापर्यंत अन्य शाळांशी सामने खेळण्यास मनाई आहे. पण सरावास मनाई नाही. तेव्हा थंडीचे महिने धावण्यात आणि व्यायामात जातात. एप्रिलमध्ये नवे शैक्षणिक वर्ष आणि नवी मुले, मग शनिवार-रविवारचे सराव सामने, आणि पाहता पाहता पुन्हा जुलै उजाडतो. सामने ठरविणे, बसची व्यवस्था करणे, दुखावलेल्या मुलाला डॉक्टरकडे नेणे, ज्याच्या मुलाला संघात जागा मिळाली नाही त्या बापाची समजूत घालणे, ही कामे कोणत्याच वेळापत्रकात येत नाहीत. उत्तरपत्रिका तपासायच्या त्या या सगळ्यानंतर.

या कामाचे मोल जपानी राज्यव्यवस्था कसे करते, हे पाहण्यासारखे आहे. १९७१ साली झालेल्या एका कायद्यान्वये सरकारी शाळांतील शिक्षकांना जादा कामाचा तासागणिक मोबदला मिळत नाही. त्याऐवजी पगाराच्या ठराविक टक्के रक्कम सरसकट दिली जाते, आणि मूळ कायद्यात हे प्रमाण चार टक्के होते. हा आकडा १९६६ च्या पाहणीवर आधारलेला होता, आणि त्या पाहणीत शिक्षकाचे जादा काम महिन्याला सुमारे आठ तास भरले होते. आज बेसबॉलच्या शिक्षकाचे आठ तास कित्येकदा एका रविवारीच भरत असतील! शिवाय जी कामे जादा वेळात करण्याचा हुकूम शिक्षकाला देता येतो, त्यांची कायद्याने आखलेली यादी फार छोटी आहे आणि खेळाच्या सरावाचा तीत समावेश नाही. म्हणजे सुट्टीच्या दिवशी मिळणारा किरकोळ भत्ता सोडला, तर हे सारे काम ‘स्वेच्छेने’ केलेले ठरते. मुख्याध्यापकांनी नेमायचे, पालकांनी जाब विचारायचा आणि कायद्याने त्याला हौस म्हणायचे, अशा या लष्कराच्या भाकऱ्या आहेत.

२०१८ साली विकसित राष्ट्रांच्या ओईसीडी या संघटनेने केलेल्या पाहणीत जपानमधील निम्न माध्यमिक शिक्षकाचा कामाचा आठवडा ५६ तासांचा आढळला. पाहणीतील देशांची सरासरी ३८ तासांची होती. अभ्यासेतर उपक्रमांवर जपानी शिक्षक आठवड्याला साडेसात तास घालवीत होता, इतरत्र हे प्रमाण दोन तासांच्याही आत होते. त्याच वर्षी सरकारने आठवड्यातून किमान दोन दिवस विश्रांती आणि शाळेच्या दिवशी सुमारे दोन तासच सराव, असे मार्गदर्शक धोरण जाहीर केले. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. शेजारची शाळा सातही दिवस सराव करीत असताना आपण दोन दिवस मैदान बंद ठेवण्याचे धैर्य एकट्या शिक्षकाने दाखवावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

त्याच २०१८ च्या उन्हाळ्यात आकिता प्रांतातील कानाआशी या कृषी शाळेच्या योशिदा नावाच्या पिचरने कोशिएनवर सहा सामन्यांत ८८१ चेंडू फेकले. देशाने त्याला डोक्यावर घेतले, पण त्याच्या खांद्याची चिंताही वाहिली. पुढे २०२० पासून एका पिचरने आठवड्यात ५०० हून अधिक चेंडू फेकू नयेत, असा नियम झाला. तो योग्यच होता. मुलाचे चेंडू मोजणाऱ्यांना गुरुजींचे तास मोजावेसे अद्याप वाटलेले नाही, एवढेच.

याच्या विरुद्ध बाजूने जे सांगितले जाते, त्यातही तथ्य आहे. अनेक शिक्षक या पेशात आले तेच मुळी बेसबॉल शिकविता यावा म्हणून. त्यांना सुट्टी दिली तरी ते मैदानावरच सापडतील. वर्गात मान खाली घालून बसणारा मुलगा मैदानावर बोलू लागतो, हेही त्यांनीच पाहिलेले असते. पण हौसेने काम करणारा मनुष्य फुकट राबवून घेण्यास मोकळा असतो, असे यातून निघत नाही. त्याच्या घरी वाट पाहणाऱ्या बायकामुलांनी तर कोणत्याही स्पर्धेत नाव नोंदविलेले नसते. आणि ज्याला बेसबॉलची आवड नाही, पण शाळेत दुसरे कोणी नाही म्हणून ज्याच्या गळ्यात हे काम पडले, त्याचे काय?

दुसरा मार्ग नाही असे नाही. २०२३ साली केइओ शाळेने १०७ वर्षांनी कोशिएन जिंकले. तिचे प्रशिक्षक मोरिबायाशी हे प्राथमिक शाळेत शिकवितात, आणि महाविद्यालयात शिकणारे माजी विद्यार्थी प्रशिक्षणाचा भार वाटून घेतात. केइओ ही संपन्न खाजगी संस्था आहे, ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही. आकितातील सरकारी शाळेला असा लवाजमा कोठून मिळणार? परंतु तिने दाखविले ते एवढेच की, एकाच माणसाने सर्व ओझे वाहावे हा काही खेळाचा नियम नव्हे.

२०२५ साली त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती होऊन चार टक्क्यांचे प्रमाण २०३१ पर्यंत टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर नेण्याचे ठरले. मोबदला तासांशी जोडण्याचे मात्र सरकारने टाळले. शनिवार-रविवारचे खेळ शाळेकडून स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची जी मोहीम २०२३ पासून सुरू झाली, तिचा रोख निम्न माध्यमिक शाळांवर आहे. कोशिएनची स्वप्ने पाहणाऱ्या शाळा तिच्या बाहेरच राहिल्या. सराव हे शाळेचे अधिकृत काम आहे, हे आधी कायद्याने मान्य करावे आणि प्रत्येक संघामागे निदान दोन माणसे नेमावीत. चेंडूंची मर्यादा घालणाऱ्या बेसबॉल महासंघाला आणखी एक नियम करणे अवघड नाही: जुलैमधला पराभव आणि नव्या संघाचा पहिला सराव यांच्यामध्ये दोन आठवडे शाळेच्या मैदानाला कुलूप असावे, आणि त्याची किल्ली गुरुजींकडे नसावी.