श्वानाचा गुडघा आणि उताराचे गणित

श्वान मागचा पाय उचलून चालू लागला की मुरगळल्याची शंका येते. प्रत्यक्षात अनेकदा गुडघ्यातील क्रूसाकृती अस्थिबंध झिजत झिजत तुटलेला असतो.

श्वानाच्या नडगीच्या हाडाचा माथा मागील बाजूस साधारण २५ अंशांनी उतरता असतो. पाय टेकताच मांडीचे हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहते. हे घसरणे अस्थिबंध रोखतो. अमेरिकी पशुशल्यविशारद बार्क्ले स्लोकम यांनी १९९३ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत बंध जोडत नाहीत. नडगीचे हाड कापून, फिरवून उतार सुमारे ५ अंशांवर आणतात. साध्या उतरणीच्या गणिताने घसरवणारे बल जवळपास एक पंचमांश उरते.

हे भौतिकशास्त्र देखणे आहे. पण कौतुक शस्त्रक्रियेपाशीच थांबणे योग्य नव्हे. हाड जुळण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. त्या काळात पट्ट्याने धरून संथ चालवणे, जिना व उड्या टाळणे आणि वजन आटोक्यात ठेवणे हादेखील उपचारच आहे. वेदनाशामकाने लंगडणे कमी होते, बंध जुळत नाही. बरे वाटणारा श्वान धावतो आणि गुडघा अधिक बिघडतो. माणसांचे आयबुप्रोफेन तर त्याच्या जठरास व मूत्रपिंडांस घातक ठरते. शिवाय पुढे दुसऱ्या पायाचाही बंध तुटण्याचे प्रमाण मोठे आहे.

म्हणून इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेपासून राज्याराज्यांतील महाविद्यालयांपर्यंत, पुनर्वसनास शस्त्रक्रियेइतकेच स्थान मिळावे. शल्यकाने बदललेला उतार अखेर श्वानपालकाच्या संयमावरच टिकतो.