यादीत पहिलं, रांगेत शेवटचं : मणिबेलीची तक्रार 'निकाली' कशी निघाली

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या जिल्ह्याचा आहे आणि आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही.

आपला नंदुरबार यादीत कायम पहिला. लोकसभा मतदारसंघ क्रमांक १ नंदुरबार, विधानसभा मतदारसंघ क्रमांक १ अक्कलकुवा, आणि त्यातलं मतदान केंद्र क्रमांक १ मणिबेली. म्हणजे महाराष्ट्राची मतदार यादी उघडली की पहिलं पान मणिबेलीचं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आणि सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं जे गाव सगळ्यात आधी गेलं, तेही मणिबेलीच.

आता याच मणिबेलीच्या एका हातपंपाची गोष्ट सांगतो.

माझे वडील शिक्षक. मोलगीकडच्या शाळांत त्यांची बरीच वर्षं गेली. त्यामुळे तिकडची माणसं अजून घरी येतात. मागच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर घरी होतो, तेव्हा मणिबेलीच्या वरच्या पाड्यावरचे एक काका आले. हातात मोबाईल, त्यावर एक मेसेज. म्हणाले, "भाऊ, तू कम्प्युटरवाला ना? हे वाच. निकाली म्हणजे काम झालं ना? मग हापशाला पाणी का नाही?"

पाड्यावरचा हातपंप बंद पडला होता. नातवाने एका खात्याच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. नातू सुरतला कामाला, फोन त्याचा, ओटीपी त्याच्याकडे. फॉर्ममध्ये जिल्हा मिळाला, तालुका मिळाला, गावही मिळालं. पुढे 'प्रभाग/परिसर' असा रकाना, लाल फुलीचा, म्हणजे भरलाच पाहिजे. यादीत पाड्याचं नाव नाही. 'इतर' नाही. फॉर्म पुढे सरकेना, म्हणून पोराने यादीतलं पहिलं नाव दाबलं. नकाशावर खूण करायला सांगितलं, तर खूण आपोआप जुन्या गावठाणावर गेली. जुनं गावठाण कुठे आहे? पाण्याखाली!

बारा दिवसांनी मेसेज आला : "नमूद ठिकाणी हातपंप आढळून आला नाही. तक्रार निकाली."

बरोबरच आहे की. धरणाच्या पाण्यात कुठून सापडणार हातपंप? समोर नजर पोचेल तिथवर पाणी, आणि पाड्यावरच्या बाया हंडा घेऊन झऱ्याला.

मी ते वाचून हसलो नाही. मला ओळखीचं वाटलं. कारण गेली अकरा वर्षं मी पुण्यात हेच काम करतो.

माझं काम सीआरएमचं. सोप्या भाषेत, ग्राहक सांभाळायचं सॉफ्टवेअर. तुम्ही बँकेला, गॅसवाल्याला, फ्रिजच्या कंपनीला फोन करता, तेव्हा पलीकडचा माणूस "सर, तुमची मागची तक्रार मला दिसतेय" म्हणतो ना, ती ज्याच्यावर दिसते ते. तयार मिळतं. सेल्सफोर्स नावाची अमेरिकन कंपनी १९९९ मध्ये निघाली आणि हे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने द्यायला लागली. आपल्याकडे चेन्नईच्या झोहोचं आहे. मुंबईच्या फ्रॅपेचं आहे, ते तर मुक्त सॉफ्टवेअर, कोड कुणीही घ्यावा आणि बदलावा.

पण तयार सॉफ्टवेअर जसंच्या तसं कुणाच्याच कामाचं नसतं. ट्रॅक्टर विकणाऱ्याला हंगाम नोंदवायचा असतो, दवाखान्याला रक्तगट. तिथे आम्ही लागतो. काही बदल माऊसच्या चार क्लिकवर होतात : नवीन रकाना, यादीत नवीन नाव. त्याच्या पुढचं असेल तर कोड लिहावा लागतो. सेल्सफोर्ससाठी एपेक्स नावाची भाषा आहे, झोहोसाठी डेल्यूज, फ्रॅपेला पायथॉन. कोडमध्ये आपण नियम घालतो : अमुक घडलं तर तमुक कर, अमुक माहिती नसेल तर नोंद सेव्हच होऊ देऊ नको.

हे 'सेव्हच होऊ देऊ नको' लक्षात ठेवा. सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मी असा कोड लिहिला की ग्राहकाने सात दिवसांत उत्तर दिलं नाही, तर तक्रार आपोआप बंद. साहेब खूश. डॅशबोर्डवर लाल होतं ते हिरवं झालं. किती ग्राहकांचं काम झालं? मला माहीत नाही. ते मोजायचा कोड मला कुणी लिहायला सांगितला नव्हता, आणि मीही विचारलं नाही. पैसे मिळाले, पुढच्या कामाला लागलो.

म्हणून काकांचा मेसेज वाचून कळलं की तिकडेही माझ्यासारखाच कुणीतरी बसला असणार. वाईट माणूस नसेल. त्याला सांगितलं असणार 'परिसर' सक्तीचा करा, त्याने केला. शहरातल्या नळाची तक्रार डोळ्यासमोर ठेवून फॉर्म बनला आणि तोच सातपुड्याच्या चौथ्या रांगेपलीकडे पाठवला. पाडा म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंच नसेल.

माझं म्हणणं एवढंच आहे : फॉर्ममधला सक्तीचा रकाना हा नियमच असतो. कायदा विधिमंडळात होतो, चर्चा होते, गॅझेटमध्ये छापून येतो. हा नियम मात्र एका कंत्राटदाराच्या ऑफिसात एका दुपारी होतो, आणि कुणाची तक्रार सरकारदरबारी पोचणार, कुणाची नाही, हे तो ठरवतो. त्याला कुणी विचारत नाही, कारण तो 'टेक्निकल' आहे.

आता दोन गोष्टी सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पहिली. निवडणूक आली की काय होतं? मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. म्हणून आपल्या नर्मदाकाठी कर्मचारी मशीन घेऊन बोटीत बसतात आणि जातात. पेपरात दर वेळी फोटो येतो. चांगलंच आहे, अभिमान आहे. पण अर्थ बघा. मतासाठी सरकार आपली पद्धत गावाप्रमाणे बदलतं. तक्रारीसाठी गावानेच पद्धतीप्रमाणे बदलायचं. मताला बोट येते आणि तक्रारीला ओटीपी लागतो!

दुसरी गोष्ट जुनी आहे, नव्या पोरांनी खास वाचावी. सरदार सरोवरासाठी १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. नर्मदा खोऱ्यातल्या लोकांनी लढा दिला, मणिबेली त्यात पुढे होती. शेवटी बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. मोर्स समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि त्याने पुनर्वसनाच्या कारभाराचे वाभाडे काढले. १९९३ च्या मार्चमध्ये उरलेलं कर्ज थांबलं. त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशाने नुकसान झालेली साधी माणसं थेट तिथे तक्रार करू शकतात. दोन माणसं पुरेत. पत्र चालतं. आणि आपल्या भाषेत लिहिलेलं चालतं. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना बँकेने पैसे देणं थांबवावं, म्हणून ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी जाहीरनामा काढला. त्याला नाव दिलं 'मणिबेली जाहीरनामा'.

कळतंय का? ज्या खोऱ्यातल्या माणसांमुळे जागतिक बँकेला तक्रारीची खिडकी उघडावी लागली, त्याच माणसांना आज आपल्याच राज्यात हातपंपाची तक्रार टाकता येत नाही, कारण यादीत 'इतर' नाही.

आता लोक काय म्हणतील तेही मला माहीत आहे.

"अरे, सॉफ्टवेअरचा काय दोष? माणसं काम करत नाहीत." खरंय, माणसं टाळतात. पण पूर्वी टाळणाऱ्याला तोंडावर टाळावं लागायचं. काका ऑफिसच्या पायरीवर बसले असते, चार लोकांनी बघितलं असतं. आता यंत्र टाळतं, आणि वर 'निकाली' असा शिक्काही मारतं. हातपंप बंद आहे हे सिद्ध करायची जबाबदारी काकांवर, आणि तक्रार बंद करायचा अधिकार ऑफिसवर. हा तोल कोडने ठरवलाय, आणि कोडनेच बदलता येतो.

"एवढ्याशा पाड्यासाठी सगळी सिस्टीम बदलायची का?" भाऊ, सिस्टीम नाही बदलायची. एक रकाना बदलायचा आहे. माझ्या कंपनीचा ग्राहक सोमवारी सांगतो की यादीत नवीन शोरूम घाला, बुधवारी ते घातलेलं असतं. त्याला मी कधी "एवढ्याशा शोरूमसाठी?" असं विचारलं नाही. तो पैसे देतो ना! मग पाड्यावरचा माणूस कर देत नाही? त्याने तर गाव दिलंय.

"खर्च किती येईल?" पुढची यादी वाचा आणि ओळखीच्या कुठल्याही डेव्हलपरला विचारा.

१. पाड्याचं नाव हाताने लिहिता आलं पाहिजे. जिथे यादी आहे तिथे 'इतर' हवंच. क्लिकचं काम आहे, अर्धा तास.

२. तक्रार बंद करण्याचा शेवटचा शब्द तक्रारदाराचा. "काम झालं" हे त्याने फोनवर किंवा मेसेजने सांगितल्याशिवाय 'निकाली' सेव्हच होता कामा नये. हा नियम म्हणजे पाचपंचवीस ओळींचा कोड. जो नियम काकांना अडवतो, तोच उलटा फिरवायचा.

३. 'ठिकाण आढळले नाही' हे तक्रार बंद करायचं कारण होऊ शकत नाही. तसं लिहिलं की तक्रार आपोआप वरच्या साहेबाकडे गेली पाहिजे.

४. ओटीपीशिवाय वाट हवी. ग्रामपंचायतीत किंवा आशाताईंकडे कागदावर नोंद, आणि रेंजमध्ये आल्यावर ती चढवायची. ऑफलाइन नोंद करून नंतर जुळवणं ही आमच्या धंद्यातली जुनी गोष्ट आहे, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी रोज वापरतात.

५. बोलून तक्रार. भिली बोलीत बोलावं, आवाज नोंदवला जावा, तालुक्याला तो समजणारा माणूस असावा. आपल्या तालुक्यात असा माणूस शोधावा लागेल का?

६. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या नकाशावरच्या खुणा बदला. महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित आहेत. तेहतीस खुणा. एक माणूस एका दिवसात करेल.

आणि सातवी मागणी सगळ्यात महत्त्वाची. फॉर्ममध्ये काय सक्तीचं आहे आणि तक्रार कोणत्या नियमाने बंद होते, हे मराठीत लिहून जाहीर करा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. कागद मागता येतो, तर कागदाची जागा घेतलेल्या नियमाचा तपशीलही मागता आला पाहिजे. अक्कलकुवा अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा कायदा १९९६ चा आहे. योजना ग्रामसभेपुढे येते, तर तक्रारीचा फॉर्म का नाही? ग्रामसभेतली एखादी म्हातारी पहिल्याच मिनिटाला सांगेल, "यात आमचा पाडा कुठंय?" कंत्राटदाराच्या सगळ्या टेस्टिंगपेक्षा ते टेस्टिंग भारी.

शेवटी आपल्या पोरांसाठी दोन शब्द. शहादा, तळोदा, नंदुरबारची कितीतरी मुलं इंजिनिअर होऊन पुण्या-बंगळुरूला माझ्यासारखी कोड लिहितात. आपण दुसऱ्यांच्या शोरूमचे रकाने भरतो. झोहोने तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात ऑफिस काढलं आणि तिथल्याच पोरांना कामाला घेतलं. मग आपल्या जिल्ह्याचा फॉर्म आपल्या पोरांनी का बनवू नये? मुक्त सॉफ्टवेअर हाताशी आहे. मी माझ्यापुरतं सुरू केलंय. वरच्या सातही गोष्टींचा नमुना दाखवता येईल असा साधा फॉर्म रविवारी बसून बनवतोय. झाला की इथेच टाकेन. कुणाला हात लावायचा असेल तर या.

हापशाचं काय झालं? पाड्याने वर्गणी काढली, मोलगीहून मिस्त्री आणला, वॉशर आणि साखळी बदलली. पाणी आलं. पोर्टलवर तक्रार आधीच निकाली होती, त्यामुळे त्यांचा आकडा शेवटी खरा ठरला! तो हिरवा ठिपका कुठल्यातरी साहेबाच्या डॅशबोर्डवर आजही चमकत असेल.

तुमच्या गावाची कुठली तक्रार अशी 'निकाली' निघाली? कमेंटमध्ये लिहा, मेसेजचा फोटो टाका, फक्त नंबर झाका. गावाचं नाव लिहा, पाड्याचंही लिहा. इथल्या रकान्यात ते मावतं. पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर भांडा, पण आधी एकदा त्या फॉर्मवर आपल्या पाड्याचं नाव शोधून बघा.