सातबारा किती वेळा दाखवायचा?



नवी मुंबईत सी.बी.डी. बेलापूरला कपास भवन नावाची इमारत आहे. सी.सी.आय.चे, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचे ते मुख्यालय. आसपास कापसाचे एक बोंड पिकत नाही, पण यवतमाळ-परभणीच्या कापसाची खरेदी तिथून ठरते. तिथून ठाणे-बेलापूर पट्ट्याने वर गेले की महापे, रबाळे, ऐरोलीला मोठमोठी डेटा सेंटर लागतात. धान्याच्या कोठारात धान्य असते, इथे माहिती साठवलेली असते. तिला चोवीस तास वीज आणि थंड हवा मिळते. आपल्या पंपाच्या वाट्याला रात्रीची पाळी येते, तो विषय आज बाजूला ठेवू. ही जमीनही शेतकऱ्यांचीच होती. सिडकोने १९७० पासून ९५ गावांची शेती घेतली, आणि तिचे योग्य दाम मागितले म्हणून १९८४ साली उरण तालुक्यात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

हे सगळे सांगण्याचे कारण म्हणजे २०२५-२६ चा हंगाम. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला आणि तो मिळण्यासाठी सी.सी.आय.ने 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची केली. नोंदणीला सातबाऱ्यावर कापसाचा पेरा दिसला पाहिजे. तो पेरा चढतो ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवरून, ते महसूल खात्याचे. ठिबक किंवा औजार हवे तर महाडीबीटी, ते कृषी खात्याचे काम. तिथे १५ एप्रिल २०२५ पासून फार्मर आयडी लागतो, म्हणजे आणखी एक नोंदणी. विम्याचे पोर्टल दिल्लीचे. ज्वारी हमीभावाने घालायची तर पुन्हा ऑनलाइन नोंदणी. शेत तेच, गट नंबर तोच, आधार तेच, माणूसही तोच. एका ठिकाणी नावापुढे 'राव' लागला आणि दुसरीकडे राहिला, की हा माणूस तो नव्हेच असे यंत्र म्हणते आणि आपण तहसीलच्या पायऱ्या चढतो.

(त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. गिरणीवाल्यांना त्यासाठी कोणत्या अ‍ॅपवर नाव नोंदवावे लागल्याचे आमच्या ऐकिवात नाही.)

सरकारकडे यावर औषध नाही असे नाही. २०११ च्या ई-गव्हर्नन्स धोरणात प्रत्येक खात्याने आपल्या अंदाजपत्रकाचा अर्धा टक्का संगणकाच्या कामाला राखावा आणि पाच वर्षांत तो तीन टक्क्यांवर न्यावा, असे ठरले. २०१६ मध्ये 'महाआयटी' ही सरकारी कंपनी निघाली, सगळ्या खात्यांचे संगणकाचे काम एका छताखाली आणण्यासाठी. जानेवारी २०१८ मध्ये क्लाउडचे धोरण आले. विचार वाईट नाही. प्रत्येक खात्याने आपला सर्व्हर, आपला ठेकेदार, आपले अ‍ॅप ठेवायचे, म्हणजे एका गावात घरटी एक जिनिंग काढण्यासारखे आहे. पैसा सगळीकडे ओतायचा आणि रुई कुठेच धड निघायची नाही.

पण 'एका छताखाली' हे शब्द ऐकले की कापूसवाल्याच्या अंगावर काटा येतो. १९७२ पासून जवळपास तीस वर्षे आपण एकाधिकार खरेदी भोगली. घेणारा एकच, ग्रेडर त्याचा, काटा त्याचा, चुकारा त्याच्या सवडीने, आणि वरून भांडवल निर्मितीच्या नावाने तीन टक्के कापून. दाद मागायला दुसरे दार नव्हते. माहितीचाही असा एकाधिकार झाला तर?

यंत्र एकत्र आले की काय बिघडते आणि काय सुधारते, हे दोन कर्जमाफ्यांत दिसले. २०१७ ची माफी ३४ हजार कोटींची. अर्ज ऑनलाइन, प्रत्येकाने स्वतः भरायचा, मुदत २२ सप्टेंबर. ऐन पेरा उभा असताना म्हातारी माणसे अंगठा उमटवायला रांगेत. दिवाळीत १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रे वाटली आणि लगेच याद्यांत घोळ निघाला. अनेकांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक. २०१९ च्या माफीत अर्जच नव्हता. बँकांनी त्यांच्याकडची माहिती दिली, २०२० च्या फेब्रुवारीत याद्या लागल्या, शेतकऱ्याने फक्त आधार पडताळून सही मिळवायची. ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याकडून ती घ्यायची, एवढाच फरक. हे जर कर्जाला जमते तर पीकपेऱ्याला का जमू नये?

आता पैशाचे. 'आपले सरकार' केंद्रासाठी ग्रामपंचायतींकडून महिन्याला बारा हजारांवर रक्कम वित्त आयोगाच्या निधीतून घेतली जात होती. तो निधी गावच्या पाण्याचा, गटाराचा, शाळेच्या छताचा. संगणकपरिचालकाच्या हाती त्यातले साधारण निम्मेच पडे, तेही महिनोन्महिने थकून. म्हणजे यंत्राचे अंदाजपत्रक मुंबईचे आणि भार गावाचा. शिवाय २०२५ मध्ये महाडीबीटीवर सोडत बंद होऊन 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' आले. सोडतीत निदान नशीब सर्वांचे सारखे होते. आता ज्याच्या गावात टॉवर आहे तो पहिला. माळरानावरच्या कोरडवाहूवाल्याने टेकडीवर चढून मोबाईल धरावा, तोवर यादी संपलेली.

आमचे म्हणणे असे. शेतकऱ्याने एकदा दिलेली माहिती दुसऱ्या खात्याने पुन्हा मागू नये. सर्व्हर बंद पडला तर जेवढे दिवस बंद तेवढी मुदत आपोआप वाढावी. त्यासाठी मोर्चा काढायला लावू नये. यंत्रात न बसणारी नोंद कागदावर घेऊन पोच देण्याचे बंधन ग्राम महसूल अधिकाऱ्यावर (आपल्या भाषेत तलाठ्यावर) असावे. आणि कोणत्या खात्याने कोणत्या अ‍ॅपवर किती खर्च केला, ते अ‍ॅप आज चालू आहे की नाही, हे दरवर्षी अर्थसंकल्पासोबत छापून विधिमंडळात ठेवावे.

जिल्हा बैठकीत हा ठराव मांडू. येताना या हंगामात कोणकोणत्या ठिकाणी नोंदणी केली, किती फेऱ्या झाल्या आणि केंद्रावर किती पैसे मोजले, हे एका कागदावर लिहून आणा. पावती मिळाली असेल तर ती जोडा. मिळाली नसेल तर तेही लिहा.