विश्लेषण : राग लाल, भीती काळी... हे मुलांना शिकवायचे की त्यांनाच विचारायचे?

लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे आनंद, निळा म्हणजे दुःख, काळा म्हणजे भीती. बालवाड्यांच्या भिंतींवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा तक्ता आता दिसू लागला आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रंगांच्या खेळातून भावना ओळखायला शिकवण्याची ही पद्धत मुळात चांगली आहे. पण तक्ता पाढ्यासारखा पाठ करून घेतला, की खेळाचा उद्देशच हरवतो. नांदगावसारख्या तालुक्यात तर जरा जास्तच.

हा खेळ नेमका कसा खेळतात?

जमिनीवर चार-पाच रंगांची वर्तुळे आखायची. अंगणवाडी सेविका किंवा आई एक छोटा प्रसंग सांगते. शेळीचे करडू हरवले, संध्याकाळ झाली तरी सापडेना. 'तुझं करडू असतं तर तुला कसं वाटलं असतं? ज्या रंगात उभं राहावंसं वाटतं, तिथं जा.' कोणी लालात जाते, कोणी काळ्यात, एखादे मूल दोन वर्तुळांत एकेक पाय ठेवते. मग पुढचा प्रश्न येतो : 'तू इथंच का उभा राहिलास?' सगळा खेळ या प्रश्नासाठी असतो. रंग केवळ बोट दाखवण्याची सोय आहे.

ही सोय लागते, कारण लहान मुलाकडे शब्द कमी असतात. मराठीत खट्टू होणे, हिरमुसणे, रुसणे, भेदरणे, ओशाळणे, वैतागणे असे कितीतरी बारीक फरक आहेत. 'करमत नाही' या दोन शब्दांत जे मावते, त्याचा चेहरा तर कोणत्याही इमोजीत नाही. चार वर्षांच्या मुलाकडे यातले फार थोडे असते. ते रडते, वस्तू फेकते किंवा कोपऱ्यात जाऊन बसते आणि मोठी माणसे 'रडू नको' एवढेच सांगतात.

भावनेला नाव दिल्याने फरक पडतो का? कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रौढांच्या मेंदूचे स्कॅन घेऊन हे तपासले. रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांकडे नुसते पाहण्यापेक्षा त्या भावनेचे नाव निवडताना, भीतीशी संबंधित अमिग्डला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. मुलांवर तो प्रयोग नव्हता, हे लक्षात ठेवलेले बरे. पण दिशा कळते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ वयोगटासाठी वेगवेगळ्या भावना ओळखणे आणि त्या सांभाळण्याचा प्रयत्न करणे ही क्षमता स्वतंत्रपणे नोंदवली आहे. म्हणजे हा खेळ आता हौसेपुरता राहिलेला नाही.

तक्त्यातले रंग कोणी ठरवले?

'इन्साइड आउट' या २०१५ च्या पिक्सार चित्रपटात आनंद पिवळा, दुःख निळे, राग लाल, भीती जांभळी आणि किळस हिरवी आहे. त्याआधी २०१२ मध्ये स्पेनच्या ॲना येनास यांचे रंगीत राक्षसाचे चित्रपुस्तक आले. त्यात भीती काळी आहे आणि हिरवा रंग शांततेचा. चित्रपटात जो रंग किळसेचा, तोच पुस्तकात शांततेचा.

आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा सहावा अध्याय उघडला तर चित्र आणखी बदलते. तिथे हास्य पांढरे, करुण कबुतराच्या रंगाचा, रौद्र लाल, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा आहे. रागाच्या लाल रंगावर तेवढे तिघांचे एकमत. मराठीतही माणूस रागाने लालबुंद होतोच. पण तो लाजेनेही लाल होतो, आणि भीतीने पडतो तो पांढराफटक. काळा नव्हे.

संशोधनही दोन्ही बाजूंनी बोलते. डोमिसेल योनाउस्काइटे यांच्या गटाने २०२० मध्ये ३० देशांतील ४,५९८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रंग आणि भावनांच्या जोड्यांत देशोदेशी बरेच साम्य आढळले. याच गटाच्या २०१९ च्या अभ्यासाने मात्र गंमत दाखवली. पिवळा म्हणजे आनंद, असे फिनलंडमध्ये दहातील जवळपास नऊ जणांना वाटले, तर इजिप्तमध्ये शंभरात सहा जणांनाच. विषुववृत्तापासून दूर आणि पावसाळी देशांत ही जोडी घट्ट, कोरड्या उन्हाच्या देशांत सैल. ज्याला ऊन दुर्मीळ, त्याला पिवळा हवाहवासा.

नांदगावात काळा ढग म्हणजे काय?

हे सूत्र नांदगावला लावून पाहा. तालुका पर्जन्यछायेतला. मनमाडची पाणीटंचाई सगळ्या राज्याला माहीत आहे. मे महिन्यात पिवळे रखरखीत माळ आणि जूनमध्ये क्षितिजावर काळा ढग दिसला, तर घरात कोणता भाव उमटतो? चित्रपुस्तकात उदास मुलाच्या डोक्यावर राखाडी ढग काढलेला असतो. इथले मूल त्या ढगाकडे बोट दाखवून हसले, तर ते चुकले म्हणायचे?

काळा तर आपल्याकडे लाडाचाही रंग आहे. बाळाची पहिली संक्रांत काळ्या झबल्यात आणि हलव्याच्या दागिन्यांत साजरी होते. बोरन्हाणाचे फोटो ज्या मोबाइलमध्ये जपून ठेवलेले असतात, त्याच मोबाइलवर 'काळा म्हणजे भीती'चा तक्ता येऊन पडतो.

यात एक गंभीर बाब आहे. क्रिस बोयात्झिस आणि रीनू वर्गीस यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील पाच ते साडेसहा वर्षांच्या ६० मुलांना रंग दाखवले. उजळ रंगांना मुलांनी चांगल्या भावना जोडल्या, गडद रंगांना वाईट. हा कल मुलांत आधीच असू शकतो. त्यावर बाईंनी वर्गात 'काळा म्हणजे वाईट वाटणे' असा शिक्का मारला, तर ज्या मुलाला गल्लीत 'काळ्या' म्हणून चिडवतात, त्याने काय ऐकायचे? सावळ्या रंगावरून मुलीला घरात टोमणे बसणाऱ्या समाजात हा तक्ता निरागस राहत नाही. तो भिंतीवरून काढलेलाच बरा.

किट विकत घ्यावे लागते का?

नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला बिया, पाने, शिंपले, खडे यांतूनच बालशिक्षणाची साधने उभी केली. हळद, कुंकू, कोळसा, विटेचा चुरा, चुना, फाल्गुनातला पळस आणि नांदगावच्या बाजारात ढिगाने मिळणारी लाल कांद्याची टरफले, एवढ्यात वर्तुळे भरतात.

साहित्यापेक्षा मोठ्यांचे वागणे अवघड. सुरुवात मोठ्यांनी करावी : 'आज माझी बस चुकली, मी कोळशाच्या गोलात उभी राहते.' कालचा रंग आज बदलला तर हरकत घेऊ नये. ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांमागे आजीकडे राहिलेले मूल दिवाळीनंतर कोणत्या गोलात जाते, हे सगळ्यांसमोर खोदून विचारू नये. ते नुसते उभे राहिले तरी पुरे. आणि लाल-हिरव्यात गल्लत करणाऱ्या मुलाला 'ढ' ठरवू नये. रंगांधत्व आनुवंशिक असते आणि मुलींपेक्षा मुलग्यांत बरेच अधिक आढळते. अशा वेळी रंगाऐवजी वस्तू ठेवाव्यात. दगड, पीस, काटकी, कापूस यांतूनही मूल बोलते.

मूल रोज काळाच निवडते, काळजी करावी का?

केवळ रंगावरून नाही. कदाचित त्याला कोळसा हाताला लागलेला आवडत असेल. निवडलेल्या रंगावरून मुलाच्या मनाचे निदान करण्याचे दावे सोशल मीडियावर भरपूर फिरतात. त्यांच्याकडे काणाडोळा करावा. जेवण, झोप, बोलणे किंवा खेळणे काही आठवडे बदललेले दिसले, आधी येणारे शब्द मूल विसरू लागले, तर मात्र थांबू नये. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि त्यात वाढ-विकासातील अडचणीही पाहिल्या जातात. पुढच्या फेरीची वाट न पाहता सेविकेला सांगितले, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवून तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्याची सोय आहे. जाताना मुलाने काढलेली चित्रे नेण्यापेक्षा, घरात गेल्या महिन्यात काय काय बदलले ते लिहून न्यावे. डॉक्टरांना त्याचा उपयोग अधिक होतो.