बनियनवरची जकात कोण ठरवतो?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत मांडलेल्या अर्थसंकल्पातून आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात राहिली ती प्राप्तिकराची सवलत. ते साहजिकच आहे. पगारदार माणूस आधी आपल्या पगारातली कपात पाहतो. पण त्याच कागदपत्रांत एक छोटी नोंद होती. होजिअरी पद्धतीने विणलेल्या कापडाच्या नऊ प्रकारांवरचे आयातशुल्क तोवर '१० किंवा २० टक्के' होते. ते 'वीस टक्के किंवा किलोमागे ११५ रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते' असे करण्यात आले. लुधियाना आणि तिरुपूरच्या कारखान्यांत या ओळीवर जितकी चर्चा झाली असेल, तितकी आपल्याकडे झाली नाही. ती व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

रेल्वे आणि टपाल खात्यातल्या माणसाचा या जकातीशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. परदेशातून आलेला हा माल बंदरापासून आतल्या डेपोपर्यंत आपल्या मालगाड्या वाहतात, आणि पार्सलाने आलेला माल आपले पोस्टमन घरोघरी पोचवतात. दुसरे असे की, या मालामुळे ज्याच्या पोटावर पाय येतो तो होजिअरी कामगार आपलाच भाऊ आहे, आपलीच बहीण आहे. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद दोन वेगळ्या कामांना पुरते. इचलकरंजी-भिवंडीच्या मागावर कापड विणतात, आणि घरी आजी दोन सुयांवर स्वेटरही विणते. कस्टम्सच्या दरसूचीला हे चालत नाही. मागावर उभ्या धाग्यांतून आडवा धागा जातो. होजिअरीत धाग्याचे फास एकमेकांत अडकवले जातात, म्हणूनच बनियन ताणला की वाढतो आणि सोडला की पूर्ववत होतो. या एका फरकावर दरसूचीची प्रकरणेच वेगळी झाली आहेत. होजिअरीचे कापड ६० व्या प्रकरणात, होजिअरीचे तयार कपडे ६१ व्या प्रकरणात आणि मागावरच्या कापडाचे तयार कपडे ६२ व्या प्रकरणात. ही विभागणी दिल्लीत झालेली नाही. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने ठरवलेली सहा आकडी पद्धत १९८८ पासून जगभर लागू आहे. भारताने आपली दरसूची १९८६ सालीच तिच्या धर्तीवर बसवली आणि २००३ पासून आपले आणखी दोन आकडे जोडून ती आठ आकडी केली. मालाचे नाव जगाने ठरवलेले, पण त्या नावापुढचा शुल्काचा दर आपल्या सरकारने ठरवलेला, असा हा मामला आहे.

आता आतली गंमत पाहा. ६१ व्या प्रकरणात टी-शर्ट आणि बनियन ६१०९ या शीर्षकाखाली येतात. पण ज्याला आपण कॉलरचा टी-शर्ट म्हणतो आणि ज्याला गळ्याशी दोन-तीन बटणे असतात, तो दरसूचीच्या लेखी टी-शर्ट नव्हेच. पुरुषांचा असेल तर तो सर्वसाधारणपणे ६१०५ मध्ये, म्हणजे सदऱ्यांत जातो. त्याच सदऱ्याला कमरेखाली खिसा असला, किंवा खालचा काठ आवळणारी पट्टी असली, तर तो ६१०५ मधून बाहेर पडतो. वीण सैल असली, म्हणजे दर सेंटीमीटरला सरासरी दहापेक्षा कमी टाके पडले, तरी बाहेर पडतो. ते टाके निदान दहा सेंटीमीटर लांब-रुंद तुकड्यावर मोजायचे असतात. पुढची उघडणारी बाजू डावीकडून उजवीवर पडली तर कपडा पुरुषाचा, उजवीकडून डावीवर पडली तर बाईचा. ८६ सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या बाळाचा कपडा असेल तर त्याचे शीर्षक आणखी निराळे.

धाग्याचेही तसेच. मिश्र कापडात वजनाने जो धागा जास्त, त्याच्या नावाने कपडा ओळखला जातो. पण कापूस ४० टक्के, पॉलिएस्टर ३५ टक्के आणि व्हिस्कोस २५ टक्के असेल, तर तो कपडा सुती ठरत नाही. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस हे दोन्ही मानवनिर्मित धागे असल्याने त्यांचे वजन एकत्र धरतात, ते साठ टक्के भरते आणि कपडा मानवनिर्मित धाग्याचा ठरतो. दुकानातल्या लेबलवर 'कापूस' हा शब्द सर्वांत वर असेल. कस्टम्सच्या कागदावर तो नसेल.

ही काथ्याकूट वाटेल, पण पैसा इथेच आहे. अमेरिकेत बाह्या असलेल्या एका लोकरीसारख्या पांघरुणावर असाच खटला चालला. ते कपडा म्हणून मोजले तर १४.९ टक्के शुल्क, ब्लँकेट म्हणून मोजले तर ८.५ टक्के. २०१७ साली तिथल्या व्यापार न्यायालयाने ते ब्लँकेट ठरवले. माल तोच राहिला, बदलले ते नाव, आणि शुल्क जवळजवळ निम्म्यावर आले.

आपल्याकडे हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. स्वस्त कृत्रिम धाग्याचे होजिअरी कापड कमी किंमत दाखवून येते, अशी तक्रार होऊ लागल्यावर केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये पाच संकेतांकांच्या कापडावर किलोला साडेतीन डॉलर अशी किमान आयात किंमत ठरवली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पाचाचे तेरा संकेतांक करावे लागले. का? एका दाराला कुलूप लागले की माल शेजारच्या दाराने आत येतो, हेच त्याचे उत्तर. दाराचे नाव म्हणजे संकेतांक.

आता ११५ रुपयांचा हिशेब करू. समजा, कापडाची किंमत किलोला शंभर रुपये दाखवली. वीस टक्क्यांनी शुल्क होते वीस रुपये. नव्या तरतुदीने ते होते ११५ रुपये. किंमत ५७५ रुपयांच्या वर गेली तरच टक्केवारीचे शुल्क जास्त भरते. म्हणजे किंमत खोटी दाखवून फायदा नाही. मात्र तेच कापड त्या नऊ ओळींच्या बाहेर, नुसत्या वीस टक्क्यांच्या ओळीत बसवता आले, तर किलोमागे ९५ रुपये वाचतात. दहा टनांच्या मालावर ती रक्कम साडेनऊ लाख होते. एका आकड्याच्या फेरफाराची ही किंमत आहे आणि ती सरकारी तिजोरीतून जाते.

तयार कपड्यांची कथा आणखी वेगळी. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अनेक कापडी वस्तूंवरचे शुल्क दहावरून वीस टक्के करण्यात आले. पण २०११ पासून दक्षिण आशियाई करारान्वये बांगलादेशातून येणाऱ्या कपड्यांना मूळ सीमाशुल्क माफ होते. अट एवढीच, की कपडा तिथे तयार झाला पाहिजे: शीर्षक बदलले पाहिजे आणि किमान तीस टक्के मूल्य तिथे वाढले पाहिजे. चीनचे कापड तिथे शिवले की ६० व्या प्रकरणातला माल ६१ व्यात जातो, शीर्षक बदलते आणि पहिली अट पुरी होते. मे २०२५ मध्ये भारताने बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून आणण्यास बंदी घातली आणि न्हावा-शेवा व कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बांगलादेशच्या कामगाराशी आमचे भांडण नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीखाली अकराशेहून अधिक माणसे गाडली गेली. ती स्वस्त कपडे शिवणारीच माणसे होती. कपडा स्वस्त होतो तो कुणाच्या तरी मजुरीतून आणि कुणाच्या तरी जिवातून. भांडण आहे ते या स्वस्ताईवर दोन्हीकडे नफा काढणाऱ्याशी.

आणि हे सगळे तपासणार कोण? २०११ पासून आयातदार स्वतःच आपल्या मालाचे वर्गीकरण करून शुल्क ठरवतो. संगणक जोखीम पाहून काही मोजकीच बिले तपासणीसाठी काढतो. २०२० पासून तर न्हावा-शेव्यात उतरलेल्या मालाचे बिल दुसऱ्याच बंदरावरचा अधिकारी पडद्यावर पाहतो. व्यवहार जलद झाला, ओळखीपाळखीची वाट अरुंद झाली, हे आम्ही मान्य करतो. पण टाके पडद्यावर मोजता येत नाहीत. त्यासाठी कंटेनर उघडणारा माणूस लागतो, भिंग लागते, प्रयोगशाळा लागते. यंत्र आले म्हणून माणूस नको, हे सूत्र आपण आपल्या खात्यांत पुरते अनुभवले आहे.

रेल्वेच्या बांधवांनी एक मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. शुल्क किलोवर बसू लागले की वजन कमी दाखवण्याचा मोह वाढतो. खोट्या वजनाचा कंटेनर वाघिणीवर चढला तर तो नुसता महसुलाचा प्रश्न राहत नाही. धुरा, रूळ आणि गाडीवरची माणसे यांचा प्रश्न होतो. न्हावा-शेव्याहून तुघलकाबाद, लुधियाना किंवा अजनीकडे निघालेल्या गाडीचे सील आपण पाहतो, आतला माल पाहत नाही. जो माल पाहिलाच नाही, त्याच्या खोट्या जाहीरनाम्याचा जाब रेल्वे कर्मचाऱ्याला विचारला जाऊ नये आणि कंटेनरचे वजन गाडी सुटण्यापूर्वी काट्यावर झाले पाहिजे.

टपालातल्या बांधव-भगिनींचा अनुभव याहून रोजचा आहे. परदेशी पार्सलाबरोबर सीएन २२ किंवा सीएन २३ हा जाहीरनामा जातो, आणि २०२१ पासून त्यातला तपशील संगणकावरून आधीच पुढे पाठवावा लागतो. खिडकीवर आलेली बाई सांगते, 'आत कपडे आहेत.' नुसते 'कपडे' आता पुरत नाही. सुती की कृत्रिम, होजिअरीचे की मागावरचे, हे लिहावे लागते. नाही तर पार्सल पलीकडे अडते आणि तक्रार येते ती खिडकीवर. उलट बाजूने, परदेशातल्या मुलाने आईला पाठवलेल्या स्वेटरवर शुल्क लागले तर ते दारात वसूल करतो पोस्टमन, आणि बोलणी खातो तोही पोस्टमनच. वैयक्तिक वापरासाठी टपालाने आलेल्या शुल्कपात्र मालाला दरसूचीत ९८०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे, एवढी साधी माहितीही त्याच्या हातात लेखी दिलेली नसेल, तर त्याने त्या माउलीला काय समजवावे?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. कस्टम्सच्या तपासणीला पुरेशी माणसे आणि कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळा द्या. १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेली वस्त्र समिती मुंबईतच आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा. परदेशी पार्सल स्वीकारणाऱ्या प्रत्येक खिडकीवर नेहमीच्या कपड्यांचे संकेतांक मराठीत लिहिलेला तक्ता लावा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत प्रशिक्षण द्या. पाठवणाऱ्याने खोटे लिहिले तर जबाबदारी त्याची, खिडकीवरच्या कर्मचाऱ्याची नव्हे, असा स्पष्ट आदेश काढा.

आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी. किलोमागे ११५ रुपयांचे संरक्षण कारखानदाराला मिळाले. त्यातले किती होजिअरी कामगाराच्या पगारात आले, हे विचारणारी एकही ओळ दरसूचीत नाही. संरक्षण हवे, पण जो कारखाना किमान वेतन देतो, भविष्यनिर्वाह निधी भरतो आणि राज्य विमा योजनेत कामगाराचे नाव नोंदवतो, त्याच्याच मालाला त्या संरक्षणाचा लाभ मिळाला पाहिजे. नाही तर जकात गिऱ्हाईक भरणार, नफा मालक नेणार आणि फासात फास अडकवत बसलेला कामगार जिथल्या तिथे राहणार. गिऱ्हाईकही शेवटी आपणच आहोत.

आपल्या शाखांच्या बैठकींत हा विषय घ्यावा. बंदरावरचे, कस्टम्समधले आणि होजिअरीतले कामगार जवळपास असतील तिथे त्यांनाही बोलवावे. दरसूची हजारो ओळींची असली, तरी तिची प्रत्येक ओळ कुणा ना कुणाच्या मजुरीवरून जाते. ती वाचायचे काम आपण आयातदारांवरच सोपवून चालणार नाही.