सासरची भाऊबीज

मराठी मुलगी बनारसी घरात सून म्हणून गेली की पहिली दिवाळी तिला चांगलीच चकवते. नरक चतुर्दशीच्या पहाटे ती उटणं-सुगंधी तेल काढून बसते, तर घरातली मंडळी संकटमोचन मंदिराकडे निघालेली! काशीत त्या दिवशी हनुमान जयंती. आपली मात्र चैत्र पौर्णिमेला असते. बरं, महिनाही जुळत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणून आपला आश्विन चालू असतानाच त्यांचा कार्तिक लागलेला असतो.

लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे पाहून जरा बरं वाटतं, तोच पानात सुरणाची भाजी येते. दिवाळीला तिथे ती हवीच. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे सासूबाई घरभर सूप बडवत फिरतात. हे मात्र ओळखीचं निघतं. दारिद्र्य घराबाहेर काढायचं; आपणही त्या रात्री केरसुणीने अलक्ष्मीला हाकलतोच की.

खरा धक्का भाऊबीजेला बसतो. गल्लीतल्या बायका शेणाचा ‘गोधन’ घालतात, गाणी म्हणत तो मुसळाने कुटतात. त्याआधी प्रत्येक बहीण स्वतःच्या भावाला शाप देते. तोही साधासुधा नव्हे, चक्क मरणाचा! ज्याच्या नावाने नणंद हे बोलते तो आपला नवरा, हे ऐकून नव्या सुनेच्या काळजाचा ठोका चुकणारच. मग त्याच बहिणी भटकटैयाचा, म्हणजे आपल्या भुईरिंगणीचा, काटा जिभेला टोचून घेतात आणि भावाला उदंड आयुष्य मागतात. यामागची लोककथा अशी : बहिणीने ज्याला कधीच शाप दिला नाही, अशा भावाचे प्राण न्यायला यम आला होता. तेव्हा आपणच आधी शापून ठेवलं, की यमाने रिकाम्या हाताने परतावं!

आपल्या भाऊबीजेतही यम आहेच. तो यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून ती यमद्वितीया. आपण त्याला पाटावर बसवतो, बनारसच्या बायका त्याला फसवतात. त्यांची तऱ्हा अधिक धीट म्हणायची.

काशीला मराठी माणूस काही नवा नाही. शिवरायांना 1674 मध्ये राज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांचं घराणं मूळ पैठणचं, काशीत स्थायिक झालेलं. पंचगंगा घाटावरचा दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांचा. त्रिपुरी पौर्णिमेला, तिथल्या देवदिवाळीला, तो आजही उजळतो. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत जुनी मराठी घरं आहेत. पण त्या गल्ल्यांपासून दूर दिलेल्या मुलीला चकलीचा सोऱ्यादेखील माहेराहून आणावा लागतो.

आणि भाऊ? तो पुण्या-नाशकाला. दर वर्षी त्याला रजा कुठली मिळायला! मग दिवसभर नणंदेबरोबर गोधन कुटून झालं, की ती संध्याकाळी तबक घेऊन गच्चीवर जाते. द्वितीयेची कोर लवकर मावळते, म्हणून घाईघाईने निरांजन लावते आणि चंद्राला ओवाळते. ‘हे काय गं?’ म्हणून नणंद मागोमाग येतेच. ‘माझा भाऊ,’ ती वर बोट दाखवते.