अकोला-अमरावतीची हवा : पैसा रस्त्यावरच्या धुळीवर, दमा कष्टकऱ्यांच्या छातीत

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर यांच्यासोबत अकोला आणि अमरावतीही आहेत. प्रदूषण म्हटले की दिल्लीचे धुके दाखवले जाते. वऱ्हाडाचा खोकला मात्र बातमी होत नाही.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर किंवा सल्फर डायऑक्साइड लागला की त्या आवळतात आणि छाती भरून येते. निरोगी माणूस ज्या हवेत नुसता खोकतो, त्याच हवेत दम्याच्या रुग्णाला दवाखाना गाठावा लागू शकतो. ही हवा सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. जिनिंगमधला कापसाचा तंतू, दालमिलची भुकटी, पहाटे झाडलेल्या रस्त्याची धूळ आणि घरातल्या चुलीचा धूर कोणाच्या छातीत जातो, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

त्यात कोळसा आहे. अकोला जिल्ह्यात पारस येथे ५०० मेगावॅटचे, तर अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १,३५० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर देशात डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घालण्यात आली. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली.

मग स्वच्छ हवेचा पैसा जातो कुठे? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरातील खर्चापैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर गेला. उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही. कारण शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० या जाड कणांवर मोजली जाते. फुप्फुसात खोलवर शिरणारा पीएम २.५ हा कण प्रामुख्याने ज्वलनातून येतो. पाणी शिंपडून तो हटत नाही. त्याची भारतीय वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ ची आहे.

दुसरा प्रश्न उपचाराचा. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातील सुमारे १३ टक्के दमा रुग्ण भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात होतात. ही तफावत एकट्या हवेची नाही. सूज कमी करणारा इनहेलर रोज घ्यावा लागतो, आणि तो अनेकांपर्यंत पोहोचतच नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात भरती झाल्यावर कामी येते. रोजचा इनहेलर खिशातूनच घ्यावा लागतो. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज त्यात भर घालतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. म्हणून ही मागणी दयेची नाही, संविधानाची आहे.

तरुण कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न माहिती अधिकारात विचारावेत. महापालिकेने स्वच्छ हवेचा निधी कशावर खर्च केला? सफाई आणि जिनिंग कामगारांची फुप्फुस तपासणी शेवटची कधी झाली? आपल्या आरोग्य केंद्रात इनहेलरचा साठा किती आहे? उत्तरे वस्तीच्या बैठकीत वाचून दाखवा. लढ्याची पुढची दिशा तिथूनच ठरेल.